मंग काय जयं?

नंदुरबारात विनोदी कार्यक्रमाचा भाग सकाळी साडेसातला सुरू होतो. आदल्या रात्री नऊला टीव्हीवर जे दिसतं ती त्याची नुसती जाहिरात. तिकडे मुंबईत सेट उभा करायचा, दिवे लावायचे, प्राजक्ता माळीने सूत्रं हातात घ्यायची, सई ताम्हणकर आणि प्रसाद ओक यांनी खुर्चीतून घरंगळायच्या बेताला येईपर्यंत हसायचं. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर सकाळी बसस्टँडसमोरच्या हॉटेलात आप्पांना सांगायला काहीतरी मिळावं म्हणून.

हॉटेलात बाकं कमी आणि माणसं जास्त. समोर खमण, फाफडा, तळलेल्या मिरच्या. गुजरात इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आमच्याकडे माणूस अहिराणीत बोलतो, मराठीत अर्ज करतो, हिंदीत भांडतो आणि गुजरातीत नाश्ता करतो. आप्पांचा पहिला कप अर्धा होईपर्यंत कोणी काही विचारत नाही. मग कोपऱ्यातून हळूच येतं, "काल दखं का आप्पा?" आप्पा बशी खाली ठेवतात. इथून पुढे जे घडतं त्याला महाराष्ट्राची हास्यजत्रा म्हणायचं की नाही, हा कायद्याचा प्रश्न आहे.

समजा, रात्रीच्या प्रहसनात मुंबईतल्या सोसायटीची मीटिंग आहे. पाण्याच्या टाकीवरून भांडण, सेक्रेटरी चिडका, वरच्या मजल्यावरच्या बाई तोंडाळ. आप्पांच्या तोंडी ती सोसायटी सकाळपर्यंत ग्रामपंचायत होते. सेक्रेटरीचा सरपंच होत नाही, सरपंचबाईंचा नवरा होतो, कारण आमच्या भागात सही करणारी बाई आणि बोलणारा गडी हा प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा. टाकीचा जलकुंभ होतो, त्याचं उद्घाटन दोनदा झालेलं असतं आणि पाणी एकदाही आलेलं नसतं. समीर चौघुले ज्या पात्राचं बोलणं शुद्ध तुपातल्या मराठीत बोलून गेला, ते पात्र आप्पांकडे "तू कोन शेस मले इचारनारा?" असं गरजतं. मध्ये मध्ये गावातली खरीखुरी माणसं येऊन जातात, नावं न घेता. ज्याच्यावर रोख असतो तोही तिथेच फाफडा खात असतो आणि सगळ्यांत मोठ्याने हसतो. न हसून सांगतो कोणाला?

एकदा पुण्याकडून बदली होऊन आलेले एक बँकेतले साहेब तिथे बसले होते. भला माणूस. त्यांनी तो भाग पाहिला होता, आणि पुण्याच्या पाण्याचा गुण असा की चुकीचं काही ऐकलं की त्यांना अन्न गोड लागत नाही. "तसं नव्हतं हो ते," ते म्हणाले, "शेवटी तो जावई निघतो." हॉटेलात शांतता पसरली. आप्पांनी त्यांच्याकडे अत्यंत मायेने पाहिलं. "साहेब, तुम्ही काल पाहिलं ना? मंग तुम्ही खमण खा. हे न पाहिलेल्यांसाठी चाललंय." साहेबांनी खमण खाल्लं. दोन महिन्यांनी तेच साहेब आप्पांच्या शेजारी बसून "मंग काय जयं?" असं विचारताना दिसले. पाहिलेल्या भागाबद्दल विचारत होते.

बाहेरच्या माणसाला हे लवकर कळत नाही. तो म्हणतो, तुम्ही लोक भाग नीट पाहत का नाही? आम्ही नीटच पाहतो. पण पाहणं हे कच्चं काम. कापूस वेचून आणला म्हणजे सदरा झाला असं कोणी म्हणत नाही. त्यातून टीव्हीवरच्या विनोदाला महाराष्ट्रातल्या सगळ्या बोली लागतात, फक्त आमच्या वाटेला आलं की त्याचं पेट्रोल संपतं. मालवणी येते, आगरी येते, कोल्हापुरी तर घरचीच. भारत गणेशपुरे आले आणि वऱ्हाडीला घराघरात पाट मिळाला. अहिराणी मात्र आली तर पाहुणी म्हणून, उभ्या उभ्या. त्यामुळे आमचा प्रेक्षक रात्री नऊ ते दहा प्रेक्षक असतो आणि सकाळी डबिंग आर्टिस्ट. मानधन एक कटिंग.

तरुण पोरांनी यावर आपापला तोडगा काढला आहे. मालेगावात हौशी मंडळींनी 2000 साली 'मालेगाव के शोले' काढला तेव्हापासून खान्देशी गमतीचा एक स्वतंत्र कारखानाच उभा राहिला. आधी सीड्या, मग मोबाइल. शेतातली मोटार, सासुरवाडीचा मान, उसना आणलेला पाइप परत न देणारा शेजारी, असले विषय आणि अस्सल बोली. पोरं ते पाहून लोळतात. पण आप्पांना ते चालत नाही. "त्येच्यात आधीच अहिराणी शे," ते म्हणतात, "मंग मी काय करू?"

चाहत्यांचे आमच्याकडे दोन पक्ष. एक 'चला हवा येऊ द्या'चा, ऑगस्ट 2014 पासूनचा, म्हणजे जुना. दुसरा हास्यजत्रेचा, 2018 नंतरचा. जुन्या पक्षाचं म्हणणं, शाहरुख खान आणि सलमान खान कोणाकडे आले होते? नव्या पक्षाचं म्हणणं, पाहुणे यावे लागतात त्यालाच, ज्याच्या घरात करमत नाही. जुना पक्ष मग आपलं शेवटचं अस्त्र काढतो: सागर कारंडेंचा पोस्टमन आणि त्याने वाचलेली अरविंद जगतापांची पत्रं. यावर नवा पक्ष गप्प होतो. विनोदी कार्यक्रमात रडवून दाखवणं याला आमच्याकडे फार किंमत आहे. लग्नातला आचारीसुद्धा जेवणानंतर कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं यावर जोखला जातो.

2024 च्या मार्चमध्ये 'हवा' बंद झाली तेव्हा जुन्या पक्षात सुतक होतं. 2025 मध्ये ती नव्या रूपात परत आली, सूत्रसंचालक म्हणून डॉ. निलेश साबळेंच्या जागी अभिजीत खांडकेकर, आणि त्यात कोण, तर हास्यजत्रेतला गौरव मोरे! फिल्टरपाड्याचा बच्चन पलीकडच्या गोटात! त्या आठवड्यात हॉटेलात बसायला जागा नव्हती. आमच्या जिल्ह्याने मोठमोठ्या पुढाऱ्यांना सकाळी एका आणि संध्याकाळी दुसऱ्या उपरण्यात पाहिलेलं आहे. त्यावर कोणी चहा थांबवत नाही. पण नटाने चॅनल बदललं की काळीज हलतं. विशाखा सुभेदार हास्यजत्रेतून बाहेर पडल्या, ते आमच्या गल्लीतल्या काही बायांनी अजून मनावर घेतलेलं आहे. एका मावशींनी तर निष्कर्ष काढून टाकला, "पुढारी काय, जाई तथा एकच काम करस. पन नट गया तं त्येना जोडीदार एकटा पडस." प्रहसनाच्या शास्त्रावर इतकं थोडक्यात कोणी बोललेलं मी ऐकलेलं नाही. पदव्या घेतलेल्यांकडून तर नाहीच.

नाना म्हणून आमचे एक वडीलधारे आहेत. त्यांच्या लेखी टीव्हीवरचा विनोद सत्तरच्या दशकाच्या शेवटी संपला. दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव आणि बाळ कर्वेंचे गुंड्याभाऊ झाले, तिथे पडदा पडला. पुढे 2001 मध्ये प्रभावळकर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' घेऊन आले म्हणून नानांनी आणखी थोडी मुदतवाढ दिली. जुन्या अँटेनाच्या काळाबद्दल नाना बोलायला लागले की आम्ही घड्याळ काढून ठेवतो. पोरगं कौलावर, नाना अंगणात, आजी टीव्हीसमोर. "आलं का?" "आलं, आलं... गेलं." वारा सुटला की अँटेना फिरायचा आणि मराठीतल्या विनोदाला गुजरातीत शेतीविषयक सल्ला मिळायचा. नाना सांगतात की त्यामुळे त्यांना भुईमुगाच्या रोगांची चांगली माहिती झाली. आता त्यांचा नातू त्यांना फोनवर दोन मिनिटांची क्लिप दाखवतो. नाना चष्मा लावेपर्यंत ती संपते. मग नातू पुन्हा लावतो. नाना म्हणतात, "सुरुवातीपासून लाव." नातू म्हणतो, "हीच सुरुवात, नाना." नानांचा मोठा आक्षेप हाच आहे, की हल्लीच्या विनोदाला सुरुवात नसते.

दिवाळी झाली की गप्पांची जागा बदलते. मिरची येते. नंदुरबारच्या मिरचीचा बाजार केवढा, हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधी शिकवतात: गुंटूरच्या पाठोपाठ आपण. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर नजर पोचेल तिथवर मिरची वाळत पडते आणि तिच्या कडेने बाया देठ खुडत बसतात. पदर नाकातोंडाला घट्ट बांधलेला, डोळे तेवढे उघडे. मजुरी वजनावर, तेव्हा हसायचं ते हात न थांबवता. एकीने कालचा भाग सांगायला घेतला की बाकीच्यांचं हसू दिसत नाही, फक्त खांदे हलताना दिसतात. डोळ्यांतून पाणी वाहतं ते कशाने, हे मुकादमालाही विचारता येत नाही. एकदा त्याने विचारलंच. "मिरची तिखट शे," असं उत्तर आलं, आणि सगळी ओळ पुन्हा हलली. मुकादम लांब जाऊन शिंकला.

पथारीवरची समीक्षा हॉटेलातल्यापेक्षा कडक. हॉटेलात माणसं हसण्यासाठी येतात. इथे हसण्यासाठी कोणी पैसे देत नाही, त्यामुळे जे हसवेल तेच टिकतं. नम्रता संभेराव आणि वनिता खरात या दोघी इथे घरच्या. त्यांच्याबद्दल बोलताना आडनाव लागत नाही. "नम्रता काल भांडनी ना, तशी मनी जेठानी भांडस," असं म्हटलं की जेठाणी ओळखणाऱ्यांना पुढचं सांगावं लागत नाही. पुरुष बाईचं सोंग घेऊन आला की मात्र इथल्या परीक्षक बारीक बघतात. साडी कशी नेसला, पदर कुठल्या हाताने सावरला, बसताना निऱ्या गोळा केल्या की नाही. भाऊ कदम पास. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांना एटीकेटी.

आता नवापूर. नवापूरचं स्टेशन निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत आहे. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत, आणि घोषणा चार भाषांत: हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती. प्लॅटफॉर्मवर एक बाकडं असं की त्याच्या मधून राज्याची सीमा जाते. लोक त्यावर बसून फोटो काढतात. पण त्या बाकड्याचा खरा उपयोग सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी लेट असली की कळतो. गुजरातेकडच्या टोकाला बसलेला माणूस 'तारक मेहता का उल्टा चष्मा'वर बोलत असतो, महाराष्ट्राकडचा हास्यजत्रेवर, आणि मध्ये बसलेल्याला दोन्ही मान्य करावं लागतं. तारक मेहता म्हणजे इथल्या व्यापारी घरांतलं जेवणाच्या वेळेचं घड्याळ. मूळ 'चित्रलेखा'तलं गुजराती सदर, जुलै 2008 मध्ये त्याची मालिका झाली, भाग चार हजारांच्या पुढे गेले. तेव्हा जन्मलेली पोरं कॉलेजात पोचली तरी जेठालालचं दुकान चालूच आहे आणि टप्पूचं वय हा विषय कोणी काढत नाही.

या मालिकेच्या चाहत्यांशी बोलताना एक पथ्य पाळावं लागतं. दयाबेनचं नाव आपण होऊन काढायचं नाही. दिशा वाकानी 2017 मध्ये रजेवर गेल्या त्या गेल्याच. पण त्या बाकड्यावर दर खेपेला निदान एक तरी माणूस असा भेटतो ज्याच्या सुरतच्या साडूला पक्की खबर असते. "या दिवाळीला येणार." कोणती दिवाळी, ते तो सांगत नाही. आमच्या गल्लीतले एक किराणावाले शेठ म्हणतात, की एवढी वाट त्यांनी उधारीची पाहिली असती तर दुकान दुमजली झालं असतं. आणि ट्यूशन घेणारे आमचे सगळे मास्तर आत्माराम तुकाराम भिडेंवर खार खाऊन आहेत. गोकुळधामचा तो एकमेव सेक्रेटरी, ट्यूशनवर घर चालवणारा, हिशोबाला पक्का, स्कूटरला जपणारा. "आम्ही काही एवढे चिकट नसतो," एक मास्तर मला म्हणाले, आणि चहाचे पैसे मी देईपर्यंत पाकीट शोधत राहिले.

वर सातपुड्यात गेलं की 'कालचा भाग' या शब्दांचं कॅलेंडर बदलतं. धडगावच्या डोंगरांत काही ठिकाणी मोबाइलची रेंज विशिष्ट टेकाडावर, विशिष्ट झाडाखाली मिळते. तिथे संध्याकाळी जेवढी माणसं जमतात तेवढी ग्रामसभेला जमत नाहीत. एका आश्रमशाळेचे गुरुजी शहाद्याला गेले की फोन भरून भाग उतरवून आणतात. मग तो भाग जपून, पुरवून पाहायचा. तिथे सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे शेवट फोडणं. तळोद्याहून आलेल्या एका सप्लायरने सहज बोलता बोलता कुठल्याशा भागाचा शेवट सांगून टाकला, तर पुढचा महिनाभर त्याच्या बिलावर सही करायला पेन सापडत नव्हतं.

त्याच डोंगरात सोंगाड्या पार्ट्यांची परंपरा आहे. ढोलकी, पेटी, पुरुषांनीच घेतलेली बाईची सोंगं, आणि गावातल्या सावकारापासून फॉरेस्टच्या साहेबापर्यंत सगळ्यांची रात्रभर खरडपट्टी. त्यातल्या एका जुन्या सोंगाड्याला पोरांनी फोनवर हास्यजत्रा दाखवली. त्याने एक प्रहसन शांतपणे पाहिलं, हसलाही. मग विचारलं, "बस?" पोरं म्हणाली, "संपलं." "एवढ्यात? अजून तर माणसं बसलीसुद्धा नसतील." त्याच्या हिशोबाने पहिला तास प्रेक्षकाला घोंगडी अंथरायला, दुसरा तास बिडी पेटवायला, आणि विनोद त्यानंतर. त्याला परीक्षकांचं मात्र फार नवल वाटलं. हसण्यासाठी दोन माणसं पगारावर ठेवलेली! तो म्हणाला, "आमच्याकडे न हसणारा दगड मारतो. तेवढं पुरतं."

हे सगळं मी ज्या आप्पांवरून सांगायला घेतलं त्यांच्या गल्लीत परवा उन्हाळ्यातल्या एका रात्री ऐन रंगात लाईट गेली. नऊ वाजून वीस मिनिटं झाली असतील. पडद्यावर दार वाजलं होतं, घरात लपलेला पाहुणा पलंगाखाली होता, नवरा दार उघडायला निघाला होता. आणि काळोख. सगळी गल्ली एका सुरात "अरे!" म्हणाली आणि बाहेर आली. ओटे भरले. खाटा आल्या. डास आले. दाराबाहेर कोण होतं?

"सासरा," कोणीतरी म्हणालं.

"सासरा कसा राहील? तो तर पलंगाखाली शे."

"पलंगाखाली पोस्टमन शे."

मग आप्पा उठले. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाजावरून कळत होतं की त्यांनी दार उघडलं. बाहेर ऊसतोडीहून परतलेला थोरला भाऊ, सोबत मुकादम, मुकादमासोबत उचल दिल्याची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर सही पलंगाखालच्याची. पलीकडच्या ओट्यावरून बायांनी त्यात जेठाणी घातली. नानांनी प्रकरणाला सुरुवात नाही म्हणून सुरुवात घातली, ती भुईमुगापासून. बँकेतले साहेब, ज्यांची खोली त्याच गल्लीत आहे, त्यांनी अडखळत का होईना, पहिल्यांदा स्वतःचं एक अहिराणी वाक्य टाकलं: "मी पलंगखाले नही, मी पलंगच शे!" गल्ली कोसळली. एक पोरगा खाटेवरून खरोखर पडला. आप्पांनी साहेबांना जवळ बोलावून ओट्यावर जागा दिली.

कोपऱ्यावरच्या घरात तेवढा इन्व्हर्टर. तिथे भाग आपल्या पद्धतीने चालू होता आणि संपलाही. अर्ध्या तासाने त्या घरातल्या वहिनी बाहेर आल्या, सगळे अजून ओट्यांवर बसलेले पाहून त्यांना दया आली. "अहो आप्पा, दारात कोण होतं माहितीये का?" त्यांनी उत्साहाने सुरुवात केली, "तो ना..."

अख्ख्या गल्लीने दोन्ही हात वर केले. "वहिनी, सांगू नका हो! आमचं अजून संपलं नाही."